गरुडगडचे दहा लाख गडी

राजवीरनं फळ्यावर ‘सैन्य : दहा लाख’ असं लिहिलं, खडू टेबलावर आपटला आणि मिशीवरून हात फिरवत सगळ्यांकडं असं बघितलं, जसं काय ते दहा लाख गडी खाली तालमीच्या दारात रांग लावून उभेच आहेत. कुणीतरी शिट्टी मारली. कुणी बाक वाजवला.

“आता बोला म्याडम,” राजवीर म्हणाला. “तुंगार शरन येतंय, का आमीच यायचं?”

तुंगार म्हणजे सौंदर्याचा देश. कागदावरचा देश आहे, मान्य. पण कागदावरचा म्हणून काय झालं? खरीखुरी तीन वर्षं तिनं तो सांभाळला होता, आणि आज तो जायची वेळ आली होती.

सगळं नीटच सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल ही थोराड माणसं भातुकली खेळतात की काय. कोल्हापुरातल्या एका जुन्या तालमीच्या माडीवर दर रविवारी दुपारी हा खेळ बसतो. खाली पोरं जोर-बैठका मारतात आणि वर आठ जण देश चालवतात. खोलीच्या मधोमध प्लायवूडच्या मोठ्या फळीवर एक खंड रंगवलेला आहे. नद्या, डोंगर, बंदरं सगळी मनातली. तो खंड आठ जणांनी वाटून घेतलाय. खेळ काढला उदयसिंह सरांनी. सरांनी हायस्कुलात भूगोल शिकवला, निवृत्त झाले, आणि रिकामपणात जगाचा नकाशा पुरेना म्हणून दुसरं जग काढून बसले. पंच तेच.

खेळातलं वर्ष तीन महिन्यांत संपतं. वर्ष संपलं की प्रत्येकानं आपल्या देशाचं अंदाजपत्रक मांडायचं. माणसं किती, कुठल्या कामाला किती, उत्पन्न काय, त्यातनं रस्त्याला काय, शाळेला काय, सैन्याला काय. कामाच्या रकान्यात ज्याला लिहिलं त्याचा पगार धरायचाच. युद्ध पुकारलं तर ज्याचं सैन्य मोठं तो जिंकला, इतकं सोपं. फक्त ज्याच्यावर चाल येते त्याला एक हक्क असतो. समोरच्याच्या अंदाजपत्रकावर हरकत घ्यायची. हरकत टिकली तर समोरच्याचं सैन्य निम्मं आणि त्याची चाल माघारी. नाही टिकली तर आपला देश गेला. आणि देश गेला की खेळाडूही गेला. चीत झालेला पैलवान आखाड्याच्या हौदात बसून राहत नाही, तसंच हे. आपला झेंडा सरांच्या टेबलावर ठेवायचा, जिना उतरायचा, परत यायचं नाही.

ह्या माडीवर सौंदर्या एकटीच बाई. जयसिंगपूरची पोरगी, लिंगायताच्या घरातली, घरात निम्मं कानडी निम्मं मराठी, आणि बोलताना इकडच्या बायकांसारखंच ‘मी करतो, मी बगतो’. कागलच्या एमआयडीसीत एका ओतकाम कारखान्यात नोकरीला. गिऱ्हाइकाकडनं नुसतं चित्र येतं, त्यावरून तो भाग ओतायला माल किती, वीज किती, माणसाचे हात किती लागणार, ते सगळं ही अंदाजानं काढते. त्या अंदाजाखाली सही मात्र साहेबाची. त्याच कारखान्यातला सम्राट तिला पहिल्यांदा माडीवर घेऊन आला. त्या दिवशी राजवीरच बोलला होता, “म्याडम, योगाचा क्लास पल्याडच्या गल्लीत हाय.” सगळे हसले होते. ही पण हसली, आणि खुर्ची ओढून बसली.

उरलेला देश तिला मिळाला. तुंगार म्हणजे नुसतं खडकाळ पठार आणि एक गाळानं भरलेलं बंदर. कुणाला नको होतं ते. तिनं आधी बंदरातला गाळ काढला. मग पठारावर तळी बांधली, मग शाळा, मग दूध. कागलहून परत येताना बसमध्ये पोरी मोबाईलवर गाणी ऐकायच्या, ही खिडकीला टेकून तुंगारचा रेल्वेमार्ग कुठल्या खिंडीतनं काढायचा ते बघत बसायची. खरं सांगायचं तर तुंगारशिवाय तिचा शब्द शेवटचा असेल अशी दुसरी जागाच नव्हती. कारखान्यात साहेब, खोलीवर मालकीणबाई, आणि घरी अव्वा, म्हणजे आई. अव्वाचा दर आठवड्याला फोन. निपाणीचं स्थळ आलंय, इचलकरंजीचं आलंय, फोटो पाठव, जरा हसरा पाठव. तुंगारात असलं काही नव्हतं. तिथं ती म्हणेल तिथं पूल व्हायचा.

आणि आता हा बाबा दहा लाख गडी घेऊन दारात!

“बंदर पायजे आमाला,” राजवीर म्हणाला. “आमच्या गरुडगडाला समुद्र न्हाय. वाईट वाटून घिऊ नका. खेळ हाय.”

राजवीर तसा वाईट नाही हो. एमआयडीसीत फर्स्ट शिफ्ट, संध्याकाळी तालमीच्या संघातनं फुटबॉल, घरी चार म्हशी. हसतमुख, मदतीला पहिला. पण हरणं म्हणून एक गोष्ट असते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यातनं त्याचा चुलता तालमीचा अध्यक्ष. माडीचं भाडं कुणी घेत नाही ते त्या चुलत्यामुळं. हे सगळ्यांना ठाऊक, सरांना जरा जास्तच ठाऊक.

सौंदर्या उठली. आवाज काढला तो खणखणीत.

“हरकत हाय.”

सरांनी चष्मा पुसला. “घे. सांग काय ते.”

“सर, शंभर मानसांत एक जन वर्दीत असला तरी देशाला जड जातं. तुंगारची वस्ती चाळीस लाख, माझं सैन्य चाळीस हजार. तेवढंच कसंबसं झेपतं. ह्येची वस्ती एक कोट आनि सैन्य दहा लाख. शंभरात दहा! शंभर रुपये मिळवनाऱ्या देशानं दोन-तीन रुपये सैन्याला घातले तर ठीक. पाच घातले तर शाळेचं छप्पर गळाय लागतंय. आनि नुसता पगार म्हंजे सैन्य न्हाय. बूट, दारूगोळा, गाड्यांचं तेल, जखमी झालेल्याचं औषध, म्हाताऱ्या शिपायाची पेन्शन. पुढं एक लढनारा असला की मागं त्येला पोचवनारे तिघंचौघं लागतात.”

“झालं लेक्चर सुरू,” मागनं कुणीतरी बोललं.

“आकडा मोठा हाय म्हंजे खोटा हाय असं कुठं?” राजवीरनं हात पसरले. “आमचे लोक कडवे हायत. कमी खात्यात, जास्त लढत्यात.”

बाकं वाजली. सौंदर्यानं ओठ चावला. शंभरात एक आणि शंभरात तीन, हे असलं पुस्तकातलं बोलून इथं कुणाची मान डोलत नाही हे तिला आधीच कळायला हवं होतं. मग तिनं कारखान्यात करते तेच केलं. किंमत सोडली आणि नुसते हात मोजायला घेतले. फळ्यापाशी गेली, राजवीरनं आपटलेला खडू उचलला.

“एक कोट वस्ती. त्यात गडी पन्नास लाख. बरोबर?”

“बरोबर.”

“त्यातली पोरं आनि म्हातारी वजा करा. कामाचे गडी राहिले तीस लाख. जास्तीत जास्त. मान्य?”

राजवीरनं जरा विचार केला. “मान्य.”

“तुजंच अंदाजपत्रक वाचतो मी. सैन्यात दहा लाख. कारखान्यात बारा लाख. शेतात आनि दूधदुभत्याला अठरा लाख. बेरीज कर.”

खोलीत सगळ्यांचे ओठ हलायला लागले. चाळीस. आकारामनं तर बोटांवर केली. आकाराम म्हणजे ह्या आठांतला सगळ्यात वयस्क, गावाकडच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी, आणि खेळात राजवीरचा दोस्त देश.

“चाळीस लाख,” सौंदर्या म्हणाली. “गडी हायत तीस लाख. वरचे दहा लाख कुठनं आनलेस? जोतिबाच्या यात्रेतनं उचलून आनलेस काय?”

आता मात्र हसायची पाळी दुसऱ्यांची होती. सम्राट तर बाकावर लोळला. सौंदर्याला वाटलं, जिंकलो आपण. तिनं खडू ठेवलासुद्धा.

पण राजवीर हसला नाही आणि चिडलाही नाही. त्याला खरंच नवल वाटल्यासारखं दिसलं. तो म्हणाला, “ह्यात काय चुकलं?”

“काय चुकलं म्हंजे?”

“म्याडम, तुमी हाफिसात बसता. एक मानूस एकच काम करतो असं तुमाला वाटतंय. आमच्यात न्हाय तसं. मी सकाळी उठून म्हशी पिळतो, सातला फर्स्ट शिफ्टला असतो, सुटलो की उसाला पानी पाजतो. आता मला कुठं मोजनार तुमी? कारखान्यात का शेतात? मी दोन्हीकडं हाय की! सम्राट, तू?”

“मी बी तसंच,” सम्राट म्हणाला. हसणं थांबवून सरळ बसला तो.

“कागलाला जानारी सगळी बस बगा. एक तरी नुसता कामगार हाय काय? सगळी शेतकरी बी हायत आनि कामगार बी. माझा थोरला भाऊ मिलिटरीत हाय. सुट्टीला आला की पहिला वैरन आनतो. आमच्यातला एक गडी दोघांचं काम करतो, म्हणून मी त्येला दोनदा मोजला. मला सांगा, खोटं हाय काय ह्ये?”

काय टाळ्या पडल्या म्हणता! खोलीतल्या प्रत्येकाची छाती फुगली. प्रत्येकाला वाटलं, आपल्याबद्दलच बोलला गडी. आणि ते खरंच होतं, तीच तर पंचाईत होती. कोल्हापूरच्या आजूबाजूला असाच संसार चालतो. परगावच्या माणसाला ही चूक सुचलीसुद्धा नसती. इथल्याच माणसानं करावी अशी ती चूक होती, आणि करताना तो आपल्या कष्टाचा अभिमानच सांगत होता.

सर घसा खाकरून म्हणाले, “सौंदर्या, मुद्दा अगदीच चुकीचा नाही त्याचा. आपल्याकडची परिस्थिती बघता...”

सौंदर्याच्या कानशिलापर्यंत गरम वाफ गेली. आपल्याकडची परिस्थिती! म्हणजे बंदर गेलं, तळी गेली, शाळा गेल्या, ती बसमधली खिडकीतली रेल्वे गेली. तिला वाटलं झेंडा ठेवावा आणि जावं. भांडून तरी काय होणार? मग तिला स्वतःचाच राग आला. निपाणीच्या स्थळाला फोटो पाठवायचाच आहे, तो पाठवूच की, पण तुंगार ह्यांच्या टाळ्यांवर सोडून द्यायचं? सात जणांनी बाक वाजवला म्हणून बेरीज बदलते काय?

“राजवीर,” ती म्हणाली. “आज सकाळी तुज्या म्हशी कुनी पिळल्या?”

“काय?”

“साधं इचारतोय. आज रविवार. सकाळी तुजी मॅच होती, तू सहालाच मैदानावर गेलतास. मग म्हशी कुनी पिळल्या?”

“आईनं.”

“काल?”

“काल शिफ्ट होती. आईनंच.”

“परवा?”

राजवीरनं डोकं खाजवलं. आठवत होता बिचारा, मनापासून आठवत होता.

“सम्राट, तुज्या घरात?”

“बायकोनं,” सम्राट पायाकडं बघत म्हणाला.

“उसाला पानी?”

“ती... म्हंजे मी मोटर चालू करून जातो.”

“आनि सरीसरीत पानी फिरवायला दारं कोन मोडतं?”

सौंदर्या एकेकाला विचारत सुटली. आई, बायको, आजी, थोरली बहीण, पुन्हा आई. कुणी ताठ मानेनं सांगितलं, कुणी पुटपुटलं. एकानं “आमच्यात म्हैसच न्हाय” म्हणून सुटका करून घेतली, तर त्याला तिनं विचारलं, “मग शेंगा कोन तोडतं?” आणि तो पण “आई” म्हणाला. शेवटी आकाराम राहिला. त्याला विचारायचीही गरज पडली नाही. तो आपणहूनच बोलला, कारण बोलल्याशिवाय त्याला राहवत नाही.

“मी सांगतो. संस्थेत दूध घिऊन बायकाच येत्यात. रोज, पावसापान्यात. खातं मातूर गड्याच्या नावावर असतंय. दर दहा दिवसानं बिल न्यायला तेवढा गडी येतोय.” मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो म्हणाला, “म्हंजे आपलं जनरल सांगितलं.”

सौंदर्यानं परत फळा गाठला. “सापडले बगा तुमचे दहा लाख. गडी एकच काम करतोय, तुमी म्हनता तसं दोन न्हाय. दुसरं काम त्येच्या नावावर हाय, हात दुसऱ्याचे हायत. राजवीर, तुज्या अंदाजपत्रकात वस्ती एक कोट लिव्हलीस. कामाला लावलेस ते सगळे गडी. पन्नास लाख बायका कुठं हायत रे? दिवसभर बसून असत्यात व्हय?”

“घरात असत्यात,” राजवीर म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

“तुज्या दहा लाख सैन्याला भाकरी कोन पोचवतंय? तू दहा लाख गडी उचललेस आनि तरी तुजं शेत पिकतंय, दूध निघतंय, ते कुनाच्या जिवावर? मी तुजं सैन्य मोडत न्हाय. ठेव दहा लाख. फक्त ज्यांनी काम केलं त्यास्नी कामाच्या रकान्यात लिव्ह. लिव्हलंस की नियमानं पगार धरायला लागतोय. मग किती सैन्य परवडतंय ते बग.”

खाली कुणीतरी शड्डू ठोकला, तो आवाज वरपर्यंत आला.

आकाराम बाकावरून पुढं सरकला. “आनि तुमच्या तुंगारात हो? तिथं काय बायका पगार घेत्यात काय?”

“घेत्यात,” सौंदर्या म्हणाली. “तीन वर्षं झाली, लिव्हलेलं हाय. कुनी वाचलंच न्हाय तुमी. दूध काढनारी, शेतात राबनारी, बंदरावर माशाच्या पाट्या उचलनारी, सगळ्या कामाच्या रकान्यात हायत. म्हणून माझं सैन्य चाळीस हजार हाय. मी भित्री हाय म्हणून न्हाय, माझा देश गरीब हाय म्हणून बी न्हाय. मी सगळ्यांस्नी मोजलं, म्हणून सैन्याला तेवढंच उरलं.”

आता सांगा, ह्याच्यावर निकाल द्यायला काय लागतं? शाळेतल्या पोरानं दिला असता. पण सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. त्यांना तालमीचा अध्यक्ष दिसत होता, हातातनं जाणारी माडी दिसत होती. चांगला माणूस घाबरला की त्याच्याइतका कुणाचा राग येत नाही.

“असं करू,” सर म्हणाले. “मध्यम मार्ग काढू. सौंदर्या, तू बंदर तेवढं गरुडगडला दे. तुंगार तुझंच राहील, तूही राहशील. खेळ आहे शेवटी. ताणायला नको.”

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. राजवीरसुद्धा म्हणाला, “चालतंय की.” सम्राटनं तिला डोळ्यांनीच खुणावलं, घे म्हणून. आणि घ्यावं असं क्षणभर तिलाही वाटलं. तुंगार राहील, खुर्ची राहील, रविवार राहील. दर वर्षी मग असंच काहीतरी थोडं थोडं द्यायचं.

“न्हाय,” सौंदर्या म्हणाली. “एक वीत बी देनार न्हाय. हरकत बरोबर असंल तर त्येचं सैन्य निम्मं करा. चूक असंल तर माझा देश घ्या. बंदर काय म्हणून देऊ? बेरीज बरोबर केली त्येचा दंड?”

“अगं, जरा...”

“निकाल द्या सर.”

सरांनी निकाल दिला नाही. त्यांनी हात वर करायला सांगितले. दोघं भांडणारे सोडून सहा जण. गरुडगडचं अंदाजपत्रक जसंच्या तसं मान्य असणाऱ्यांनी हात वर करा.

आकारामचा हात पहिला वर गेला. दोस्त देश! सौंदर्यानं बघितलं तसं तो म्हणाला, “तुमचं पटतंय वो म्याडम, पन आमचा तह हाय.” मग दुसरा हात, तिसरा. आणि मग सम्राटचा. तिला माडीवर घेऊन आलेला सम्राट. हात अर्धाच वर होता, कोपर पोटाला चिकटलेलं, पण होता. चार विरुद्ध दोन.

सौंदर्याला रडू आलं असतं, पण ह्यांच्यासमोर? छे! तिनं तुंगारचा हिरवा झेंडा नकाशावरून उपटला आणि सरांच्या टेबलावर ठेवला. त्याच्या जागी राजवीरनं आपला लाल झेंडा खोचला. हळूच खोचला, त्याला मजा येत नव्हती असं दिसत होतं. मग सगळे वाट बघत उभे राहिले. रीत अशी होती की आता ती जिना उतरणार.

सौंदर्या परत आपल्या खुर्चीत जाऊन बसली.

“म्याडम,” राजवीर म्हणाला. “देश गेला तुमचा. उठा की.”

“कुठं जाऊ?”

“म्हंजे... घरी.”

“तुंगार गरुडगडात गेलं. मग तुंगारची मानसं कुठं गेली?”

“गरुडगडात.”

“मग मी आता खेळाडू न्हाय. तुज्या देशातली बाई हाय. माझ्यासंगं तुंगारच्या कामावरच्या सगळ्या बायका हायत. आमी तुज्या वस्तीत आलो. मोज आमाला.”

“सर, ह्ये काय?” राजवीर वैतागला. “नियम हाय, देश गेला की खोली सोडायची.”

“दुसरा बी नियम हाय,” सौंदर्या म्हणाली. ती सरांकडंच बघत होती. “मुलूख जिंकला की त्याच बैठकीत नवं अंदाजपत्रक मांडायचं. जिंकलेल्या मुलखातलं एक बी मानूस गाळायचं न्हाय. तुमीच केलाय नियम. मी हितनं उठनार न्हाय. उचलून खाली न्यायचं असंल तर या, कोन येतंय बगतो मी.”

कुणी आलं नाही. तिनं दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले होते आणि नजर कुणावरून हलवत नव्हती. अशा बाईला हात लावायला दहा लाखाचं सैन्यही पुढं आलं नसतं, ही तर आठ माणसं.

सरांनी टेबलावरचा तुंगारचा झेंडा हातात घेतला. मग त्यांनी चष्मा घातला आणि ह्या खेपेला काढला नाही.

“बसू दे तिला,” सर म्हणाले. “आणि राजवीर, नवं अंदाजपत्रक मांड. तुंगारच्या बायका कामाच्या रकान्यात आहेत, त्या तशाच राहतील. आणि एका देशात दोन हिशोब चालत नाहीत. तुंगारच्या बाईला पगार आणि गरुडगडच्या बाईला नाही, असं मला चालणार नाही. सगळ्या लिही.”

“सर, मग सैन्याला काय राहतंय?”

“ते मी काय सांगू? देश तुझा आहे. आणि चुलत्यांना सांगायचं असेल तर सांग. माडी नसेल तर आपण माझ्या ओसरीवर बसू.”

राजवीरनं सगळ्यांकडं बघितलं. मघाशी वर गेलेले हात आता खिशात होते. आकाराम खिडकीतनं बाहेर बघत होता. कुणी बाक वाजवला नाही. नाइलाजानं त्यानं खडू घेतला आणि सैन्याच्या पुढचा आकडा पुसला. कामाच्या रकान्यात नवी ओळ घातली. बायका, शेतात. दुसरी ओळ घातली. बायका, दूधदुभत्याला. मग पगाराच्या रकान्यापाशी त्याचा हात थांबला. त्यानं एक आकडा लिहिला, पुसला. दुसरा लिहिला, तोही पुसला. तळहात पांढरा झाला.

शेवटी तो वळला. सगळ्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यानं विचारलं, “म्याडम, म्हशी पिळनाऱ्या बाईला दिवसाचं किती धरायचं?”

सौंदर्या खुर्चीतनं हलली नाही.

“ते मला काय इचारतोस?” ती म्हणाली. “घरी जा, आनि आईला इचार.”